मागी लोकांच्या सणाची चांदणी

मी पत्र्याची चांदणी बोलतेय. पाच टोकांची, मधून पोकळ, अंगभर बारीक भोकं. आता गंज चढलाय. बोलायचंही फारसं त्राण नाही.

लातूरच्या गंजगोलाईजवळ नजीरमियाँनी मला घडवलं, गुरम्मा नर्सबाईंसाठी. नाताळ सरला की लोक चांदण्या उतरवतात. गुरम्मा मात्र मला सहा जानेवारीपर्यंत, प्रकटीकरणाच्या सणापर्यंत ठेवायची. त्या दिवशी मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तारा बघत बाळ येशूपाशी पोहोचले, म्हणून.

मग भूकंप झाला. गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. पुढच्या जानेवारीत गुरम्मा मला पिशवीत घालून भूकंपग्रस्तांच्या शेडात घेऊन गेली. तिथं केवळाबाई होती. नवरा, दोन लेकी, सगळे गेलेले. ती कुणाशी बोलत नव्हती.

गुरम्मानं मला खिळ्याला अडकवून आत मेणबत्ती लावली. केवळाबाईनं मान वर केली.

"काढ ते. तुझा देव त्या रातीला कुटं गेलता?"

मला वाटलं, आता गुरम्मा बायबलातलं वचन सांगणार. पुष्कळ पाठ होती तिला. पण तिनं मेणबत्ती विझवली, मला खाली उतरवलं.

"मला बी ठाव न्हाई, बाई," म्हणाली आणि शेजारी भुईवर बसली. दिवसभर बसून राहिली. सांजच्याला केवळाबाईनंच विचारलं, "जेवलीस का?"

पुढं केवळाबाई गुरम्माच्या घरीच राहायला आली. चर्चच्या मंडळीतले लोक विचारायचे, "सिस्टर, हिचा बाप्तिस्मा कवा?" गुरम्मा म्हणायची, "भाकरीसंगं अट वाढत न्हाई मी."

हळूहळू शहरात शिकवण्यांचं पेव फुटलं. गल्लीभर होस्टेलं, मेस, पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंचे फलक. त्या झगमगाटात माझा उजेड कुणाला दिसणार? गुरम्मा वारली तेव्हा लोक मला भंगारात देणार होते. केवळाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." तिला प्रार्थना येत नाही. नाताळ आला की मला टांगून आत दिवा लावते, कमरेवर हात ठेवून जरा उभी राहते, आत जाते.

यंदा सहा जानेवारीला आरती पायरीवर रडत बसली होती. रेणापूरची पोर, डॉक्टरकीच्या शिकवणीसाठी वरच्या खोलीत राहणारी. चाचणीत पुन्हा मार्क गेलेले. बॅग भरलेली, पण घरी जायची हिंमत नव्हती.

"आजी, ही दिवाळीची चांदणी अजून का ठेवलीय?"

"दिवाळीची न्हाई. लांबून आलेल्या माणसांची हाय. ती माणसं राजाच्या घरी जाऊन आली, तिथं काय घावलं न्हाई म्हणं. मग एका साध्या घरात आई आन् लेकरू दिसलं." केवळाबाई अडखळली. "मला पुरतं येत न्हाई बघ."

"मग पुढं?"

"पुढं काय? दुसऱ्या वाटंनं आपल्या घरी गेली."

आरतीनं डोळे पुसले. मग तिनं वडिलांना फोन लावला. "बाबा, न्यायला या. मला डॉक्टर न्हाई व्हायचं." पलीकडून आवाज चढला. केवळाबाईनं फोन घेतला. "या तुमी. आधी लेकरू बघा, मग बोला."

आरतीचे वडील शेषेराव आले ते रागातच. तोंड उघडलं, पोरीकडं बघितलं, आणि बॅग उचलून खांद्यावर घेतली.

माझं एक टोक निखळलंय. आता उतरवलं की परत टांगण्याजोगी मी उरणार नाही. दुःख नाही, लई दमले. तुम्ही नवी आणा, प्लास्टिकची चालेल. एवढंच करा, तिच्याखाली कुणी येऊन टेकलं तर काही विचारायच्या आधी आत बोलवा.