घासलेलं पातेलं

आमच्या घरातलं भांडं मी कधी काळं राहू दिलं नाही. शाळा चौथीत सुटली, पण घासायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणून ह्यांनी चित्रासाठी नेमकं काठापासून बुडापर्यंत जळलेलं पातेलं निवडलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

टेबलावर पातेलं, दोन कांदे, लसणाचा गड्डा, अर्धा पाव. वीस दिवस तेच. ह्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. स्वतःसाठी काढलेलं हे पहिलंच चित्र, आणि शेवटचंही. नजर महिनाभर टिकली तर टिकली, असं डॉक्टर म्हणाले होते. पाव दगड झाला, कांद्यांना कोंब आले, पण हात लावायची सोय नाही.

"अहो, लोक म्हणतील हिच्या घरात घासणी नाही."

"म्हणू देत. त्या डागात तुझा चाळीस वर्षांचा स्वयंपाक आहे."

म्हणजे चाळीस वर्षं मी घासलंच नाही!

काल सकाळी मुलगा ह्यांना डोळे तपासायला घेऊन गेला. डाग रंगवून झाला असेल असं मी धरलं आणि पातेलं घासायला घेतलं. दोन तास घासलं. मग चित्रावरचं फडकं उचललं. कांद्याचं साल नखानं सोलता येईल असं उतरलं होतं. डागाची जागा तेवढी कोरी. तो त्यांनी शेवटाला राखून ठेवला होता.

पातेलं गॅसवर ठेवलं. साखर जाळली.

"आई, हे काय केलंत?" सून दारात उभी.

"तोंड मिट आणि तेल दे."

तेलही जाळलं. काजळी धरायची, बोट लागलं की निघायची. जिन्यात ह्यांची काठी वाजली तशी मी सगळं पुसून पातेलं जागेवर ठेवलं. त्यात माझंच तोंड दिसत होतं.

हे खुर्चीत बसले. कबूल करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "काही हलवलं नाहीस ना?"

"नाही."

"बरं. आज डाग छान दिसतोय."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

ह्यांनी ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि पुढं नेला. तो पावाकडं चालला होता. मी मनगट धरलं.

"डावीकडं," मी म्हटलं.

हात थांबला. मग ह्यांनी हळूच विचारलं, "अजून?"

"अजून थोडं."