रस्ता सोडायचा नाही

हिर्डोशीची माया आशा सेविका होती. घाटाखालच्या वाड्यांवर ती एकटीच चालत जायची. कुणाला गोळ्या द्यायच्या, कुणाच्या लेकराला डोस चुकलाय म्हणून आठवण करायची. पावसाळ्यात धबधबे बघायला शहरातल्या गाड्या येत. अशाच एका गाडीतल्या पोराने वळणावर तिचं मनगट धरलं.

"एक सेल्फी तर काढू द्या, मॅडम!"

बाकीचे खिदळत मोबाईल रोखून उभे. माया हिसके देत राहिली, पण पकड सुटेना. मागून टेम्पोचा हॉर्न वाजला, तेव्हा कुठं त्याने हात सोडला.

घरी नवरा जगन म्हणाला, "उद्यापासनं ते काम बंद कर."

"गुन्हा त्यांनी केला आन् रस्ता म्या सोडू?"

"मग काय पैलवान व्हणार हायेस?"

"व्हय, व्हते!"

रागात बोलून गेली खरी, पण शनिवारी ती भोरच्या एसटीत बसली.

आधी ती कराटेच्या क्लासला गेली. पांढऱ्या कपड्यांतली शाळकरी पोरं हवेत ठोसे आणि लाथा मारत होती. सर चांगले बोलले. "आधी पवित्रे, मग पट्ट्यांच्या परीक्षा. शरीर मस्त तयार होईल, ताई."

"आन् कुणी हात धरला तर?"

"ते पुढच्या पट्ट्यांना येतं."

मायाला पोरांच्या लाथा आवडल्या होत्या. पण वाड्यांची वाट तिला सोमवारीच चालायची होती. कुणीतरी सांगितलं म्हणून ती रत्नाताईंकडे गेली. त्या एका शाळेच्या हॉलमध्ये गाद्या अंथरून ज्युदो शिकवत. मायाचं सगळं ऐकून त्यांनी पुढं काही न विचारता तिचं मनगट गच्च धरलं.

"सोडव."

मायाने मागे ओढलं. सुटेना.

"ओढू नको. माझ्या अंगठ्याकडनं काढ. पकड तिथंच कच्ची असते."

मायाने हात फिरवला आणि मनगट सुटलं. ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुला लांबनं कुणी मारत न्हाई, जवळ येऊन धरतात," रत्नाताई म्हणाल्या. "म्हणून हे शिक. पण आदी सोता पडायला शिकावं लागंल."

पडायला शिकण्यातच दिवाळी उजाडली. एकोणचाळिसाव्या वर्षी खांदे, कंबर, सगळं ठणकायचं. गावात हसू झालं. "आशाताई गादीवर लोळायला भोरला जातात," असं पारावर बोलत. माया तिथूनच मान वर करून जायची. उन्हाळा लागेपर्यंत वाडीचा चढ ती न थांबता चढू लागली, आणि जिच्यामुळे रात्री कण्हायची ती पाठदुखीही थांबली.

पुढच्या पावसाळ्यात दुसरी गाडी आली, दुसरी पोरं. एकाने वाट अडवून तिचा दंड धरला. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

"सोड," माया म्हणाली.

तो हसला. तिने हात काढला, त्याच्या छातीशी शिरून पायामागे पाय घातला आणि ढकललं. तो चिखलात उताणा पडला. बाकीचे पुढे सरकले.

"या की!" माया ओरडली. "एकेक या, न्हाईतर सगळे या!"

कुणी आलं नाही. तिने गाडीचा नंबर फोनवर पोलिसांना सांगितला आणि ते येईस्तोवर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ती हलली नाही.

संध्याकाळी गावातले धनाजीअण्णा घरी आले. "चांगल्या घरची पोरं हायेत. माफी मागत्यात. तक्रार मागं घे, बाई."

"अण्णा, माफी मागू द्या. तक्रार ऱ्हाईल."

"बायामाणसानं एवढं ताणू नये."

"ताणलं म्या न्हाई. त्यानं हात धरला, म्या सोडवला."

अण्णांनी जगनकडे पाहिलं. जगनने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "अण्णा, चहा घ्या. तिचं ठरलंय, आन् आता माझंबी."

अण्णा चहा न घेताच उठले. शनिवारी माया एसटीला निघाली, तर थांब्यावर शेजारची सृष्टी आणि तिची आई सुलू उभ्या होत्या.

"आमाला बी घेतील का हो रत्नाताई?" सुलूने विचारलं. "मला तर पळायलाबी येत न्हाई."

"पळायचं कशाला?" माया म्हणाली आणि येणाऱ्या एसटीला हात केला.