दोन घरांच्या पिसवा

आमच्या बोक्याला दोन घरं आहेत आणि दोन नावं. खाली माझ्याकडे तो ढब्बू, वर माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे, म्हणजे वहिनींकडे, साहेब. खाली तो पोरांच्या हातून सांडलेलं खातो, वर त्याला बशी पुसून वाढतात. दुपारची झोप मात्र तो दोन्ही घरांना देत नाही. ती तो जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, एका जुन्या ब्लँकेटवर काढतो.

ते ब्लँकेट म्हणजे आमच्या घरातली सरहद्द. वहिनींचं नवं कपाट वर चढवलं, तेव्हा त्याला ओरखडे पडू नयेत म्हणून हे ब्लँकेट गुंडाळलं होतं. कपाट वर गेलं, ब्लँकेट टप्प्यावर राहिलं. मी म्हटलं, ज्याचं कपाट त्याने उचलावं. वहिनी म्हणाल्या, ज्याचं ब्लँकेट त्याने. शब्दाने शब्द वाढला आणि मग शब्दच आटले. तेव्हापासून वहिनी वरून ब्लँकेटपर्यंत जिना झाडतात, मी खालून ब्लँकेटपर्यंत. काही निरोप असलाच तर आपापल्या नवऱ्याच्या कानावर घालायचा. दोघे भाऊ एकाच सायकलच्या दुकानात दिवसभर मांडीला मांडी लावून बसतात, तेव्हा निरोप पोचायला हवेत. पण बहुतेक निरोप पंक्चर शोधायच्या घमेल्यातच बुडतात.

मी पाळणाघर चालवते. पुढच्या खोलीत जाड सतरंज्या अंथरलेल्या, भिंतीला ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीला एकेका पोराची पिशवी. पाच पोरं आहेत. त्यांतली चिमणी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांची मुकादम. तिची आई दवाखान्यात नर्स आहे. एका संध्याकाळी चिमणीला न्यायला आली, तिचे मोजे सरळ करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. घोट्याच्या वर लाल ठिपके होते, तीन, एका रेषेत.

मी म्हटलं, डास असतील. तिने मान हलवली. डास असं रांगेत बसून जेवत नाहीत, म्हणाली. मग तिने आवाज न चढवता जे सांगितलं, ते मला चढ्या आवाजापेक्षा जास्त लागलं. तिची आठवडाभर रजा होती, तोवर चिमणी घरीच राहणार. सोमवारी ती कामावर जायच्या आधी येऊन इथेच, जमिनीवर, थोडा वेळ बसणार. एक जरी पिसू दिसली तर चिमणीची पिशवी घेऊन जाणार, आणि बाकीच्या आयांनाही सांगणार. सांगावंच लागेल, म्हणाली, त्यांचीही पोरं आहेत. तिचं काही चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पाच खुंट्या रिकाम्या झाल्या की पाळणाघराचं उरतं काय? एक खोली आणि एक रिकामटेकडी बाई.

मी पदर खोचला. सतरंज्या उकळत्या पाण्यात घातल्या, उशांचे अभ्रे, पोरांची कापडी खेळणी, सगळं. सशाचा एक कान त्यात कायमचा लांब झाला. फटी व्हॅक्यूमने ओढून काढल्या. टेबलावरच्या दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं ताट ठेवलं. उजेडाच्या ओढीने उड्या मारतात आणि बुडतात, असं कुठेतरी ऐकलं होतं. बुडाल्याही चार. शेवटी ढब्बूलाच धरून टबात घातलं. आंघोळ बोक्याची झाली, पण भिजले आमचे हे. शिवाय दोन्ही दंडांवर असे ओरबाडे, की दुकानात गिऱ्हाईकं विचारायला लागली, घरी सगळं ठीक ना?

एक दिवस शांततेत जायचा. दुसऱ्या दिवशी ह्यांना पांढरे मोजे घालून खोलीभर फिरवावं, तर मोज्यांवर पुन्हा मोहरीएवढे काळे ठिपके, आणि बोट नेलं की गायब.

ह्यांना मी शपथ घातली होती, दुकानात एक अक्षर काढायचं नाही. वहिनींना कळलं असतं तर मी तोंड लपवायला जागा शोधली असती. वहिनींची स्वच्छता म्हणजे बोलायची सोय नाही. त्यांच्याकडे धुळीचा कण येतो तोही पाय पुसून. त्या आठवड्यात वरून सारखे आवाज येत होते, पलंग सरकवल्याचे, व्हॅक्यूमचे. मी मनात म्हटलं, चालू दे, आधीच चकचकीत आहे ते अजून घासा.

शुक्रवारी मी ढब्बूला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टोपलीचं झाकण उघडलं तशा त्या म्हणाल्या, "काय साहेब, परत आलात?"

मी म्हटलं, हा ढब्बू. त्यांनी त्याचा डावा कान बोटात धरला. त्या कानाला त्रिकोणी खाच आहे, शेजारच्या बोक्याशी झालेल्या मारामारीची कमाई. हा कान मी विसरणार नाही, त्या म्हणाल्या. ह्याच मंगळवारी एक बाई ह्याला घेऊन आल्या होत्या, मानेवर पिसवांचं औषध घालून घेतलं, आणि कुणाला सांगू नका म्हणून दोनदा बजावलं. पुढे त्यांनी विचारलं, औषधानंतर ह्याला पाणी तर नाही ना लावलंत?

मी हिशेब केला. ज्या दिवशी वहिनींनी औषध घालून आणलं, त्याच मंगळवारी संध्याकाळी मी साबण लावला होता.

डॉक्टरीणबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे मात्र हलत होते. मग चेहरा सरळ करून त्यांनी समजावलं. एवढ्यात पुन्हा औषध नाही, दोन-दोनदा घातलं तर पिसवा राहतील आणि बोकाच जाईल. आंघोळ तर नाहीच. रोज बारीक दातांच्या फणीने विंचरायचं आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. पण अंगावर दिसतात त्या मूठभर, खरा पसारा घरात. अंडी गळून पडतात ती बोका निजतो तिथे, जिथे ऊब आहे आणि झाडू फिरत नाही.

"तो निजतो कुठे?" त्यांनी विचारलं.

मी ढब्बूला टोपलीत कोंबलं आणि घरची वाट धरली.

घरी आले ती टोपली खाली ठेवून सरळ जिना चढले. ब्लँकेटवरून टांग टाकली. इतक्या महिन्यांनी वहिनींच्या दाराशी उभं राहिल्यावर माझा हात कडीपाशी थबकला. पण सोमवार काही थबकणार नव्हता. वाजवली कडी.

वहिनींनी दार उघडलं. केस बांधलेले, हातात व्हॅक्यूमची नळी आणि पायात गुडघ्यापर्यंत पांढरेशुभ्र मोजे.

"काय गं?"

"वहिनी, ते ब्लँकेट."

"ते तुमचं आहे."

"माझं तर माझं. पण त्यात पिसवा आहेत."

"आमच्याकडे नाही बाई तसलं काही," वहिनी म्हणाल्या आणि एका पायाने दुसरा पाय खाजवला.

मी मोज्यांकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग मी सगळं सांगितलं. साहेबांचं औषध मीच कसं धुऊन काढलं ते, नर्सबाईचं येऊन बसणं, खुंट्यांचं. वहिनी ऐकताना दाराच्या चौकटीला टेकल्या. मला वाटलं आता टोमणा येणार, आणि यायलाच हवा होता, मी त्यांच्या जागी असते तर मारलाच असता.

"सगळी पोरं जातील?" त्यांनी विचारलं.

"एक गेलं की मागोमाग सगळी."

"आणि आज शुक्रवार. आत्ता सुचतंय तुला सांगायला." त्यांनी नळी खाली ठेवली. "आत ये. नको, थांब, येऊ नकोस. मीच येते."

ब्लँकेटची दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. उचलल्याबरोबर खालून वाळूसारखं काहीतरी भुरभुरलं, आणि आम्ही दोघी एकदमच किंचाळलो. जाड पिशवीत कोंबून, तोंड घट्ट बांधून ते थेट कचऱ्याच्या गाडीत गेलं. कुणाचं ते विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

मग वहिनींनी सूत्रं हातात घेतली. मी एरवी कुणाचं ऐकून घेत नाही, पण त्या कामाला लागल्या की माणसाने बादली आणून द्यावी. वर आणि खाली एकाच वेळी सुरुवात, म्हणजे पळून जायला जागा नको. टप्प्याच्या फटीत आधी व्हॅक्यूम, मग उकळतं पाणी. व्हॅक्यूम भरला की बाहेर जाऊन रिकामा करायचा, घरातल्या डब्यात नाही. शनिवारी दुकान बंद ठेवून दोघा भावांना पलंग उचलायला लावले. तेव्हा कळलं की भाऊजींनाही वरून शपथ होती. आठवडाभर दोघे एकमेकांशेजारी बसून पाय खाजवत होते, आणि दोघांनीही उन्हाळ्यावर खापर फोडलं होतं. असे सज्जन भाऊ शोधून सापडायचे नाहीत.

फणीचं काम वहिनींकडे. साहेब त्यांच्या मांडीवर मान वर करून बसायचा, जसा काही फोटो काढायचाय. रविवारी चौघांनी पांढरे मोजे घालून दोन्ही घरांतून मिरवणूक काढली. मोज्यांवर काही नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, कोशातून एखादी उशिरा निघते, आठवडेच्या आठवडे अशा निघत राहतात. त्यामुळे मला झोप कसली लागतेय.

सोमवारी सकाळी नर्सबाई पांढऱ्या गणवेशातच आली. चिमणीची पिशवी तिने खांद्यावरून उतरवली नाही. सतरंजीवर बसली, पाय लांब केले. चिमणी तिची लाकडी गाडी घेऊन कामाला लागली. मी समोर बसले. त्या पांढऱ्या कापडावरून माझी नजर हलेना. एकदा काळं दिसलं आणि मी पुढे सरसावले, पण ते बटण होतं.

तेवढ्यात वहिनी खाली आल्या. बोलावलं नव्हतं. इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून, घरी पाहुणे यावेत तशा. त्यांनी नर्सबाईकडे बघितलं आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "पिसवा माझ्या घरातून आल्या होत्या. हिची काही चूक नाही."

ज्या बाईने बोक्याला चोरून दवाखान्यात नेलं, तिने हे परक्या माणसासमोर म्हणावं. मला भरून आलं, आणि भरून आलं की मला भांडण सुचतं.

"सगळ्या कशाला, वहिनी? निम्म्या माझ्याकडच्या होत्या."

"तुझ्याकडे खालून येतील कुठून? माझ्याकडूनच उतरल्या."

"माझ्याकडे ताटात चार बुडालेल्या मी स्वतः बघितल्या."

"चार म्हणजे काही पिसवा झाल्या?"

नर्सबाई आधी वहिनींकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हातावरचं घड्याळ बघितलं. "कुणाच्या किती ते तुम्ही सावकाश ठरवा," ती म्हणाली, "मला उशीर होतोय. संध्याकाळी पाय मी बघणार आहे, आज आणि रोज." मी म्हटलं, रोज बघा. लपवायचं काही नाही, एखादी निघालीच तर मीच आधी सांगेन. तिने मान डोलावली, उठून गणवेश झटकला, पिशवी खुंटीला अडकवली आणि चिमणीची पापी घेऊन गेली.

मी हललेच नाही. वहिनींना गुडघ्यांचा त्रास आहे, त्या जमिनीवर कधी बसत नाहीत. पण त्या भिंतीला धरून हळूहळू खाली टेकल्या आणि पाय पसरून त्यांनी मोठा श्वास सोडला.

चिमणीची गाडी येऊन त्यांच्या टाचेशी थांबली.

"पाय घे," चिमणी म्हणाली. "इथून रस्ता आहे."

आणि वहिनींनी निमूटपणे पाय घेतले.