औंढ्याचा नवस आणि अंदमानचं ऊन

देवाला दिलेला शब्द माणसाला मोडता येत नाही. राज्यं गेली, संस्थानं गेली, पण हा शब्द टिकला, आणि त्याच्याच आधारावर आपला समाज उभा आहे. हिंगोलीच्या शौनक पुराणिकच्या बाबतीत हा शब्द लोकरीचा होता, मरून रंगाचा होता, आणि हनुवटीखाली त्याला एक बटण होतं.

शौनक सहा वर्षांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला होता. चार दिवस पोरगं डोळे उघडेना. तेव्हा त्याच्या आईनं, म्हणजे गंगूताईंनी, औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलला. "लेकरू उठून बसू दे. थंडीच्या दिवसांत, शिवरात्रीपर्यंत, ह्याचं डोकं मी उघडं पडू देणार न्हाई." पाचव्या दिवशी लेकरू उठून बसलं आणि त्यानं बिस्कीट मागितलं. गंगूताईंनी त्याच दुपारी पहिली कानटोपी विणायला घेतली.

ह्याला तेहतीस वर्षं झाली. शौनक आता एकोणचाळीस वर्षांचा होता आणि कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होता. डोक्यावरची टोपी सातवी होती.

"तुमच्या आईनं अर्जात मुदतच टाकली न्हाई," नाना म्हणायचे. शौनकचे वडील नाना तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि देवाधर्माकडेही त्याच नजरेनं बघायचे. "'पोरगं दहा वर्षांचं होईस्तोवर' एवढं बोलली असती तर प्रकरण केव्हाच निकाली निघालं असतं."

गंगूताई म्हणायच्या, "तिथं लेकराचा जीव चालला होता. मी काय मुदती मोजत बसू?"

नाना मान डोलवायचे आणि पेपर वाचायला लागायचे. तेहतीस वर्षांत ह्या विषयावर घरात झालेली चर्चा एवढीच.

शौनकची बायको गुंजन ह्या टोपीला पहिल्यांदा भेटली ती लग्नात. लग्न नऊ डिसेंबरचं होतं, त्यामुळे नवरदेवाला मुंडावळ्या कानटोपीवरून बांधल्या होत्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा गुंजनला समोर एक लोकरीचा गोल दिसला आणि गोलाच्या मधोमध घाबरलेला माणूस. सेनगावहून आलेल्या तिच्या मामांना वेगळीच शंका आली. त्यांनी भर मांडवात आवाज चढवला, "पोराला टक्कल हाय का? हाय तर सांगा. आमी न्हाई म्हणणार न्हाई, पण बघून घेऊ द्या!" शेवटी चार वडीलधाऱ्यांनी नवरदेवाला कोठीच्या खोलीत नेऊन, दार लावून, टोपी दोन बोटं वर केली. भरपूर केस होते. मामांनी माफी मागितली. दहा वर्षांनी त्यांची शंका खरी निघाली, पण तोपर्यंत शौनक-गुंजनची मुलगी जाई शाळेत जायला लागली होती.

तर लग्नाचा वाढदिवस दरवर्षी नऊ डिसेंबरला येतो आणि टोपी तुळशीच्या लग्नाला चढते. त्यामुळे गुंजनच्या मोबाइलमध्ये चौदा वाढदिवसांचे चौदा फोटो होते. त्यात केक बदलत गेला, साडी बदलत गेली, जाई मांडीवरून खाली उतरून खांद्याला लागली. नवरा तोच, गोलातला.

गुंजनचं मागणं मोठं नव्हतं. पंधराव्या वाढदिवसाला एक फोटो हवा होता, ज्यात आपल्या शेजारी एक माणूस उभा आहे हे बघणाऱ्याला कळेल.

तिनं अंदमानचं ठरवलं. वर्षभर रजा साठवल्या, तिकिटं काढली आणि नोव्हेंबरातल्या एका सकाळी जाहीर केलं. अंगणात ऊन यायला लागलं होतं. नाना पाठ उन्हाकडे करून बसले होते, गंगूताई तीळ निवडत होत्या, शौनक टोपीतून चहा पीत होता. बारा वर्षांची जाई आंघोळीला जायचं टाळत होती.

"दोघंच?" गंगूताईंनी विचारलं.

"दोघंच," गुंजन म्हणाली. "पाच दिवस."

"जा की. कोण नको म्हणून राहिलं? जाईला मी बघते." सुपातला एक खडा काढून टाकत त्या पुढे म्हणाल्या, "पण टोप्या दोन न्या. तिथं थंडी लई असल."

गुंजन शाळेत भूगोल शिकवते. तिनं तोंड उघडलं, "आई, तिकडं—"

"मला नको सांगू. सिद्धेश्वरच्या धरणावर डिसेंबरात गेलो होतो तर दात वाजले होते माझे. ते एवढंसं पाणी. हे तर बेट हाय म्हणतेस, म्हंजे चारी बाजूंनी पाणी. म्हंजे थंडीबी चारी बाजूंनी!"

"आज्जी, बाबांना माकडटोपीत बघून तिथले मासे पळून जातील," जाई म्हणाली.

"तू आंघोळीला जा आधी. पाणी थंड होऊन राहिलं."

गुंजननं तोंड मिटलं. नवसाचा आणि तापमानाचा काही संबंध असेल असं तिला वाटलंच नाही. देवाला अक्षांश-रेखांश कोण विचारतं?

पहिली अडचण हैदराबादच्या विमानतळावर आली. तपासणीच्या रांगेत जवानानं टोपीकडे बोट दाखवून म्हटलं, "उतारिए." शौनक बाजूला झाला, दोन माणसांना पुढे जाऊ दिलं आणि नानांना फोन लावला. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"सरकारी माणूस हाय का?"

"हो. गणवेशात आहे."

"मंग काढ. शासकीय कामात अडथळा नको. पण लगेच घाल."

अठरा सेकंद. गुंजनचा मोबाइल तेव्हा ट्रेमध्ये ठेवून मशीनमधून पलीकडे चालला होता.

अंदमानात उतरले तेव्हा एकतीस अंश होतं. हॉटेलच्या मॅनेजरनं शौनककडे बघून हळूच विचारलं, "सर को बुखार है क्या? डॉक्टर बुलाऊँ?" आजूबाजूला नवी लग्न झालेली जोडपी फुलाफुलांचे शर्ट घालून हिंडत होती. शौनकनंही तसा शर्ट आणला होता. त्याच्यावर टोपी होती. पहिल्या दिवशी तो वाळूवर फिरला तेव्हा लहान मुलं मागे लागली. दुसऱ्या दिवशी गळ्यापर्यंत पाण्यात गेला तेव्हा किनाऱ्यावरून फक्त एक मरून गोळा तरंगताना दिसत होता, आणि एका जोडप्यानं त्याचा फोटो काढला.

रोज संध्याकाळी सातला हिंगोलीहून व्हिडिओ कॉल यायचा. गंगूताई देवाजवळ दिवा लावून झाला की करायच्या. अंदमानात सूर्य पाचलाच बुडतो. त्यामुळे त्यांना दिसायची हॉटेलची खोली, ट्यूबलाइट आणि टोपीतला शौनक.

"टोपी हाय ना?"

"आहे, आई."

"जेवलास?"

"जेवलो."

फोन ठेवताना गंगूताईंचा चेहरा रोज थोडा जास्त उतरलेला असायचा. पोराच्या आठवणीनं असेल, असं गुंजनला वाटलं.

तिसऱ्या दिवशी घामोळं आलं. शौनक पंख्याखाली बसून बटणाखाली बोट घालून खाजवत होता. गुंजननं शेवटचा प्रयत्न केला.

"अहो, उद्या वाढदिवस आहे. फोटोपुरती काढा. एक मिनिट."

"नको गं."

"नागनाथ इथवर बघायला येणार आहे का?"

"नागनाथाचं मला काही नाही," शौनक म्हणाला. "आईचं आहे. मी काढली आणि पुढच्या महिन्यात नुसतं शिंकलो, तरी तिला वाटणार तिनं शब्द मोडला. ती खात बसणार स्वतःला. तिनं ते चार दिवस काढलेत, मी नाही. मी झोपलो होतो."

गुंजननं घामोळ्याची पावडर आणून दिली आणि मनातल्या मनात पंधराव्या फोटोचा नाद सोडला. टोपीसकट तर टोपीसकट. माणूस वाईट नव्हता.

नऊ तारखेला दुपारी दोघं समुद्रावर शहाळं पीत उभी होती. तेवढ्यात फोन वाजला. वाढदिवस म्हणून गंगूताईंनी नैवेद्य दाखवल्या दाखवल्या नानांना फोन लावायला लावला होता. नानांनी तो असा धरला होता की पहिल्यांदा पंखा दिसला, मग नानांचा कान, मग गंगूताई.

"सुखी ऱ्हावा दोघंबी. पुरणपोळी केली हाय, तुमच्या नावानं जाई खाईल. अन्... अरे, तो मागं कोण उभा हाय? उघडाच हाय की तो!"

शौनकनं मागं बघितलं. "शहाळीवाला आहे, आई."

"अंगात सदरा न्हाई त्याच्या! अन् ती पोरगी बघ, बिनबाह्याचं घालून. थंडी न्हाई वाजत त्यांना?"

"इथं थंडी नाही, आई."

"आज न्हाई?"

"कधीच नसते," गुंजन पुढे होऊन म्हणाली. "बारा महिने अशीच उष्ण हवा असते."

हिंगोलीत गंगूताईंनी नानांचा हात धरून फोन जवळ ओढला.

"मंग तू टोपी काहून घालून राहिलास?"

शौनकच्या हातातलं शहाळं कलंडलं. "काहून म्हणजे? नवस—"

"नवस थंडीचा हाय रे बाबा! 'थंडीच्या दिवसांत' असं बोलले होते मी. बराबर आठवतं मला. ऊन तापल्यावर टोपी घाल असं मी कधी म्हणाले? चार दिवस झाले, रोज तुला टोपीत बघून राहिले. मला वाटलं हिंगोलीहूनबी जास्त थंडी हाय तिकडं. पोरगं एवढी टोपी आवळून बसतंय म्हंजे काय थंडी असल! झोप न्हाई मला."

"मी कुरिअरवाल्याकडं जाऊन आलो," पडद्याबाहेरून नानांचा आवाज आला. "दुसरं स्वेटर पाठवावं म्हणत होती. आठ दिवस लागतात म्हणाला."

"काढ आधी ती!" गंगूताई ओरडल्या. "ऊन डोक्यात चढंल. एवढा शिकला तरी अक्कल न्हाई. अन् गुंजन, तू तर भूगोल शिकवतेस ना?"

शौनकनं बटण काढलं. टोपी सुटताना पापुद्रा निघाल्यासारखा आवाज झाला. समुद्रावरचा वारा थेट डोक्याला लागला आणि तो तसाच उभा राहिला, हातात टोपी, डोळे मिटलेले.

"कसं वाटून राहिलंय?" गंगूताईंनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

"बरं वाटतंय, आई."

"मलाबी," गंगूताई म्हणाल्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आज झोप लागंल. हैदराबादेत उतरला की मात्र घाल." नानांनी फोन ठेवायला जाऊन आणखी दोन मिनिटं पंखा दाखवला, आणि मग तो बंद झाला.

गुंजननं शहाळीवाल्याच्या हातात मोबाइल दिला. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नव्हतं, तरी तिनं आठ फोटो काढून घेतले. शौनक तिच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्या आठ फोटोंत हसला.

हिंगोलीला आल्यावर तिनं त्यातला एक मोठा करून, फ्रेम करून, हॉलमध्ये लग्नाच्या फोटोशेजारी लावला. चार दिवसांच्या उन्हानं शौनकचे डोळे, नाक आणि तोंड मिळून एक गोल काळाकुट्ट रापला होता. त्याच्याभोवती टक्कल, कपाळ, कान, गाल आणि हनुवटी पांढरी स्वच्छ राहिली होती.

आलेला प्रत्येक माणूस फोटोकडे बघतो आणि विचारतो, ही पांढरी कानटोपी कुठं मिळाली.