पुसलेली दोन नावं आणि बोटभर मी

"काकू, तुमच्याकडे कधी नमुन्यांची अदलाबदल झालीय का?"

दुसऱ्याच्या लॅबमध्ये उभं राहून असं कुणी विचारतं का? पण तोफेनं विचारलं! तोफ म्हणजे नववीतली एक मुलगी. तिच्या आवाजावरून पडलेलं नाव. तिचा वर्ग आमची लॅब बघायला आला होता आणि मैत्रिणींनी पैज लावली होती, "हिंमत असेल तर विचारून दाखव." बाईंनी डोळे वटारले. मैत्रिणी एकमेकींच्या पाठीआड खिदळू लागल्या.

लॅबकाकू मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी मला उचललं.

मित्रांनो, मी एक जुनी शिसपेन्सिल आहे. आता जेमतेम बोटभर उरले आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपण कविता लिहू, नाहीतर नकाशे तरी काढू. नशिबी आला काचेचा कोपरा!

काकू कुणाच्या गालाच्या आतून खरवडून, कुणाच्या गाठीतून बारीक सुईनं पेशी घेत. तो थेंब काचेवर पसरायचा, काच लगेच स्पिरिटमध्ये बुडवायची, मग रंग, मग सूक्ष्मदर्शक. पण सगळ्यांच्या आधी मान माझा! काचेच्या दुधी, खरखरीत टोकावर मी माणसाचं नाव लिहायचे. "आधी नाव, मग सुई," असं काकू रोज म्हणायच्या. मी अशी फुगायचे की विचारू नका.

मग एके दिवशी चकचकीत निळी पेनं आली. "हे थोटूक कशाला आता?" म्हणत एका नव्या ताईंनी मला खणात टाकलं. गरज सरो आणि वैद्य मरो! तिथे एक संपलेली बॅटरी आणि तीन तुटके रबरबँड माझे शेजारी. मी खूप रडले. (पेन्सिली आतल्या आत रडतात.)

पण शाईचं आणि स्पिरिटचं हाडवैर! त्या दिवशी दोन काचा बाहेर निघाल्या, तर टोकं कोरी करकरीत. दोन माणसं, दोघांच्याही गळ्याला गाठ, आणि कुठली काच कुणाची ते कुणालाच कळेना.

"डावीकडची आधी आलेल्या बाईंची असणार," ताई घाबरून म्हणाल्या.

"असणार म्हणजे? अंदाजपंचे दाहोदरसे इथे चालायचं नाही," काकू म्हणाल्या.

त्यांनी दोघांना फोन केला, चूक कबूल केली, पुन्हा बोलावलं. दोघांपैकी आजोबांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. काकूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग खण उघडला आणि माझ्या कमरेला दोरी बांधून मला टेबलाशी अडकवलं. मला तर ती दोरी हारासारखी वाटली!

हे सगळं काकूंनी वर्गाला सांगितलं, काही न लपवता. मग दोन काचांवर 'तोफ' असं लिहिलं, एकीवर पेनानं, एकीवर माझ्या टोकानं, आणि दोन्ही स्पिरिटमध्ये बुडवल्या. पेनाची तोफ विरघळली. माझी मात्र जशीच्या तशी! मैत्रिणींनी तोंडात बोटं घातली.

खरी तोफ मात्र काचांपाशीच रेंगाळली. सगळे बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "काकू, माझ्या आईच्या गळ्याला गाठ आहे. तीन महिने झाले. ती यायलाच तयार नाही. म्हणते, दुसऱ्याचीच काच माझी म्हणून दाखवली तर? फुकट जिवाला घोर."

"बहुतेक गाठी साध्या निघतात गं. पण बघितल्याशिवाय कोण सांगणार? घेऊन ये आईला. नाव तू लिही, मी आणि ताई दोघी वाचून खात्री करू." आणि काकूंनी माझी दोरी सोडून मला तिच्या हातात ठेवलं.

कंपासपेटीतून मी तोफेच्या घरी आले. कर्कटक वाटभर टोचत होतं, पण ते असू दे. मित्रांनो, लहान वस्तूला थोटूक म्हणून खणात ढकलू नका. आणि मनात शंका असेल तर तिलाही खणात ठेवू नका. सरळ विचारा.

जेवणं होत आली तेव्हा तोफेनं मला ताटाशेजारी उभं केलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या पहिले दोन तास बुडवून मी आईला लॅबमध्ये नेणार."

"अगं, पण..." बाबा म्हणाले.

आईचा हात गळ्याकडे गेला. "आणि माझी काच दुसऱ्याच कुणाची निघाली तर?"

तोफेनं मला टोक केलं.

"नाही निघणार. तुझं नाव मी लिहिणार आहे. आधी नाव, मग सुई!"