जाळीचं वजन

बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या यादीत उरलं होतं. बाकी सगळे, अगदी डेपोसाहेबसुद्धा, त्यांना चकाचक म्हणत. एकतीस वर्षं ब्रेकचं काम, आणि एवढ्या वर्षांत एकही सुटा भाग त्यांच्या हातून मळका म्हणून गेला नव्हता. ब्रेकचा पॅड काढला की आधी ब्रश, मग फडकं, मग उगाच आणखी एकदा फडकं, आणि मगच तो किती झिजलाय ते मोजायचं. धुळीसकट घेतलेलं माप म्हणजे निव्वळ थाप, असं ते प्रत्येक नव्या मेकॅनिकला ऐकवायचे, आणि ऐकवून झालं की त्याचं फडकंही तपासायचे. पाठीमागे लोक हसत. पण चकाचकांनी मोजलेला पॅड पुन्हा मोजून बघायची छाती कुणाची नव्हती.

घरी मात्र त्यांचं फारसं चालत नसे. त्यांची बायको, साऱ्या वस्तीची पेपरवाली काकू, मोठ्या उताराच्या पायथ्याशी बसथांब्याला लागून वर्तमानपत्रांचा स्टॉल चालवायची. बावीस वर्षं झाली होती. अर्धा किलोमीटर उतार, वरपासून खालपर्यंत ब्रेक दाबत येणाऱ्या बसेस, आणि पायथ्याला ही. दर तासाला ती वरच्या पेपरांवरून फडकं फिरवायची आणि ते फडकं दुपारपर्यंत काळं व्हायचं. इतकी वर्षं तिने त्याचं काही मनावर घेतलं नाही. मग खोकला लागला. महिनाभराचा खोकला दोन वर्षांचा झाला, आणि जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, छाती तपासली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, “धूर आम्हाला डोळ्यांनी दिसतो, म्हणून सगळे धुराच्या नावाने ओरडतात. ब्रेक घासून उडते ती धूळ दिसतही नाही, आणि छातीत खोल जाऊन बसते. काकू, ती धूळ तरी थांबली पाहिजे, नाहीतर तुम्ही तरी तिथून उठलं पाहिजे.”

“मी उठून जाऊ कुठे?” घरी आल्यावर काकू म्हणाली. “घरी बसून काय करू, तुम्ही पुसलेल्या खुर्च्या पुन्हा पुसू?”

ज्या धुळीने बायकोचा श्वास कोंडला होता, तिच्यातच चकाचकांचा जन्म गेला होता. हे त्यांच्या मनाला इतकं लागलं की त्या दिवशी जेवताना त्यांनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

आणि नेमकं त्याच महिन्यात डेपोत डबे आले.

डबे घेऊन आली होती एक तिशीची इंजिनियर. सगळे तिला मॅडम म्हणत. चकाचक मात्र पहिल्या दिवसापासून “पोरी” म्हणायला लागले आणि तिनेही ते चालवून घेतलं. चाकामागे ब्रेकला चिकटून डबा बसवायचा. आत छोटा पंखा. ब्रेक दाबला की पंखा उडणारी धूळ ओढून घेणार आणि ती पोलादी जाळीत अडकणार. उतारावरच्या दोन बसेसच्या एकेका चाकाला चार आठवडे डबे लावून बघायचे. दर आठवड्याला जाळी काढून नवी घालायची आणि काढलेली तिच्या प्रयोगशाळेत वजनाला पाठवायची. जमलं तर उतारावरून जाणाऱ्या सगळ्या बसेसना डबे लागतील, नाही जमलं तर आले तसे परत जातील.

“धूळ खरंच अडकते?” चकाचकांनी विचारलं.

“कारखान्यात तरी अडकते, काका. रस्त्यावर अडकते का, तेच बघायचंय.”

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोशी करार केला. डबे पास झाले तर स्टॉलबद्दल ते अवाक्षर काढणार नाहीत. नापास झाले तर महिनाअखेर तिने स्टॉल सोडायचा.

“तोंडाला फडकं बांधून बसेन महिनाभर,” ती म्हणाली. “पण डब्याचं काम तुम्ही स्वतः करायचं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.”

मग काय, चकाचकांना हत्तीचं बळ आलं. डबे त्यांनीच बसवले, प्रत्येक बोल्ट त्यांनीच आवळला. दर सोमवारी ते गाडीखाली शिरत, जाळी अलगद काढत, आणि मग स्वभावाप्रमाणे तिची सेवा सुरू होई. रॉकेलात बुडवायची, बारीक ब्रशने भोक अन् भोक घासायचं, साबणाच्या पाण्यातून काढून वाळवायची. जाळी आरशासारखी लखलखली की कोऱ्या कागदात गुंडाळून, वर बस नंबर आणि तारीख घालून पाठवून द्यायची. मॅडमने “वजनाला पाठवा” एवढंच सांगितलं होतं, आणि एकतीस वर्षं ब्रेकमध्ये घालवलेल्या माणसाला वजन कशासाठी हे विचारायची गरज वाटली नाही. पॅड मोजतात तो किती झिजला ते कळायला. तशी जाळी तोलायची ती किती झिजली ते कळायला. उघडच होतं. आणि मळकी जाळी तोलणार कशी? चारही सोमवार त्यांनी हे काम इतक्या मायेने केलं की जाळी कागदात गुंडाळताना त्यांचे ओठ हलायचे.

पाचव्या आठवड्यात, गुरुवारी, मॅडम आली. तिचा चेहरा उतरला होता.

“काय गं पोरी? झिजली नाही ना जाळी?” चकाचक हात पुसत पुढे आले. “मला ठाऊकच होतं. पोलाद चांगलं आहे.”

“जाळी जशीच्या तशी आहे, काका. तेच तर.” ती गाडीखाली उतरायच्या खड्ड्याच्या कडेवर बसली. “चारही आठवड्यांच्या जाळ्या काल एकदम तोलल्या. नव्या जाळीचं जे वजन, तेच परत आलेल्या आठही जाळ्यांचं. धुळीचा कणही नाही. डबा रस्त्यावर काही ओढतच नाही, असाच अर्थ होतो. साहेब म्हणाले, उद्या सकाळी डबे काढून घेऊन जा.”

चकाचकांच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. धुळीचा कणही नाही. कसा असेल? कण अन् कण त्यांनी स्वतः घासून काढला होता. पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय होतं, ते त्यांना साठाव्या वर्षी कळलं. तोंड उघडायला हवं होतं, तिथल्या तिथे. पण भोवती सहा-सात मेकॅनिक उभे होते, ज्यांना त्यांनी एकेक करून मोजमाप शिकवलं होतं. ते फडक्याने कोरडेच हात पुसत राहिले. मॅडम उठली, “तुम्ही मात्र खूप मनापासून केलंत, काका,” म्हणाली आणि निघून गेली. त्या एका वाक्याने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ते स्टॉलवर गेले तेव्हा काकू जुनी मासिकं दोरीने बांधत होती. डेपोतली बातमी एका कंडक्टरकडून तिच्यापर्यंत आधीच पोहोचली होती. फळीवरचे निम्मे गठ्ठे खाली उतरले होते.

“करार म्हणजे करार,” ती म्हणाली. चेहरा हसरा ठेवायचा तिचा प्रयत्न चालला होता. “कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारलंय, तो घेईल जागा. सकाळच्या नर्सबाईंना तेवढं सांगायचं राहिलंय. त्या रोज माझ्याकडूनच शब्दकोडं सोडवून घेतात, आता कुणाला विचारतील कोण जाणे.” आणि तिने पटकन तोंड फिरवून दोरीला गाठ मारली.

चकाचकांना ते बघवेना. “सोड ती दोरी,” ते म्हणाले. “डबे नापास नाहीत. मी नापास आहे.”

आणि बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. रॉकेल, ब्रश, साबण, कोरा कागद, काहीच वगळलं नाही. काकू आ वासून ऐकत राहिली. मग तिने कपाळाला हात लावला, आणि मग तिला हसू फुटलं, असं की थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं. चकाचक तिची पाठ चोळत राहिले.

“अहो, धूळ मोजायला पाठवायची, आणि तुम्ही ती धुऊन पाठवलीत!”

“हस तू. तुला घरी बसवायला मीच निघालो होतो.” ते म्हणाले. “आणि त्या पोरीसमोर माझं तोंडच उघडलं नाही. एवढा भित्रा आहे मी.”

काकूचं हसू थांबलं. तिने डोळे पुसले, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “भित्रे असता तर मलाही सांगितलं नसतंत. उद्या जा आणि सांगा. हसतील. मी हसले, तुम्ही मेलात का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम टेम्पो घेऊन आली तेव्हा डेपोसाहेब, सगळे मेकॅनिक, स्टोअरकीपर असे सारे डेपोच्या आवारात होते. चकाचक मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि कागदावरून वाचल्यासारखं एका दमात बोलले, “साहेब, डब्यात काही खोट नाही. जाळ्या मी धुऊन पाठवल्या. आठही. मला वाटलं, जाळी किती झिजली ते बघायचंय.”

क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग स्टोअरकीपर फिस्सकन हसला, आणि हसण्याची लाट आवारभर पसरली. मॅडम हसली नाही. ती दोन पावलं पुढे आली.

“शेवटच्या जाळ्या कधी घातल्यात, काका?”

“सोमवारी. गाडीतच आहेत. चार दिवस झाले.”

“काढता?”

चकाचक गाडीखाली शिरले. जाळी बाहेर आली ती ओळखू येईना. भोकं बुजलेली, वर काळ्या-तपकिरी भुकटीचा मऊ थर. सवयीने उजवा हात खिशातल्या फडक्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. फडकं त्यांनी काढून दुसऱ्याच्या हाती दिलं. मग जाळी दोन्ही तळव्यांवर आडवी धरून, श्वास रोखून, ते आवार ओलांडून चालत गेले. कण सांडू नये म्हणून इतकं सावकाश, की हसणारेही गप्प झाले आणि बाजूला सरून त्यांनी वाट दिली.

मॅडमने आपल्या सामानातला वजनकाटा टेम्पोतच लावला. आकडा हलला, थांबला. नव्या जाळीचं वजन वजा करून तिने वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा तोललं.

“साडेसात ग्रॅम,” ती म्हणाली. “एका चाकाचे. चार दिवसांचे.” आणि मग मात्र तिचे डोळे भरले.

डेपोसाहेबांनी स्वतः वाकून काट्यावरचा आकडा पाहिला. मग म्हणाले, “टेम्पो परत पाठवा. आणखी दोन महिने बघू. दोन नको, आठ बसेस घ्या, आठही उतारावरच्या. आणि चकाचक, जाळ्या तुम्हीच काढायच्या.” ते वळले, पुन्हा थांबले. “काढायच्या फक्त.”

सुट्टी झाल्यावर चकाचक वाटेत कुठेही न थांबता उतारावरून चालत खाली आले. स्टॉल अजून अर्धा रिकामा होता. काकू उभीच होती, नजर त्यांच्या चेहऱ्यावर.

“किती?”

“साडेसात ग्रॅम. एका चाकाचे. चार दिवसांत.”

वरून एक बस ब्रेक दाबत आली, थांब्यावर थांबली, माणसं उतरली, बस गेली. तिची चाकं दिसेनाशी होईपर्यंत काकू बघत राहिली. बावीस वर्षांचा हिशोब ती मनात मांडत असावी. चकाचकांना वाटलं, आता तिने आपल्याला दोन शब्द सुनवावेत. या धुळीत कमावलेल्या प्रत्येक घासाबद्दल सुनवावेत. पण तिने नुसता त्यांचा हात धरला आणि बाकावर शेजारी बसवून घेतलं.

“एवढं मी ओढत होते,” ती हळूच म्हणाली. “आता डबा ओढेल.”

चकाचकांना रडू आवरलं नाही. भर रस्त्यात, लोकांदेखत, ते लहान मुलासारखे रडले, आणि तिने त्यांना रडू दिलं.

थोड्या वेळाने ड्युटीवरून परतताना नर्सबाई आल्या. खाली बांधून ठेवलेले गठ्ठे बघून त्यांचा चेहरा पडला. “काकू, ऐकलं ते खरंय? उद्यापासून बंद?”

काकू उठली. तोंडावरचं फडकं घट्ट केलं आणि खाली वाकून पहिल्या गठ्ठ्याची गाठ सोडायला लागली.

“छे! सहाला उघडते,” ती म्हणाली. “कोडं घेऊन या.”