हलणाऱ्या खुणांचा नकाशा

मोजणी खात्यात शिपाई म्हणून एकतीस वर्षं जमीन मोजायची साखळी ओढून रंभाजी निवृत्त झाला. तेवढ्या काळात त्याने कुणाला कधी वाट विचारली नव्हती. नगर जिल्ह्यातल्या बांधांनी त्याला विचारावी, असा त्याचा बाणा.

जानेवारीत मुलीचा, प्रज्ञाचा, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर फोन आला. श्रीगोंद्याजवळच्या तिच्या नव्या बिऱ्हाडाचा नकाशा त्याने ऐकता ऐकताच कागदावर उतरवला. फाट्यावर उतरा, आमच्या उसाच्या कडेनं चाला, तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या लागल्या की डावीकडं वळा, निळा टेम्पो उभा असेल तेच आमचं घर. त्यानंतर चार महिने ना फोन, ना पत्र. पोरगी सुखात आहे का, एवढंच डोळ्यांनी बघायला तो मे महिन्यात एसटीत बसला.

फाटा सापडला. पुढे ऊस तुटून गेलेला, कोप्या उठलेल्या, टेम्पोचा पत्ता नाही. कागदावर सगळं जागच्या जागी होतं. शिवार तेवढं चुकीचं निघालं.

शेळ्या चारणारी केशरबाई बांधावरून म्हणाली, "बाबा, तिसरी फेरी हाय तुमची. शेळ्या बी वळखाया लागल्या."

"नकाशा हाय माझ्याकडं."

"मंग त्याला पानी पाजा. दमला आसंल."

रंभाजी खाली बसला. बसल्यावर दिसलं, वाटेत कानिफनाथाचं देऊळ होतं, बांधीव विहीर होती. मोजणीवाल्याच्या घरात वाढलेल्या पोरीनं त्यातलं एकही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते सगळं हलणारं.

मग त्याने विचारलं. "संदीपची बायको प्रज्ञा. कुठं ऱ्हाती?"

"हितंच, कोपीत ऱ्हायची. दोगं नवराबायकू ऊस तोडायला हुते. फड सपला, टोळी गेली, ही दोगं मागं ऱ्हायली. आता त्या टेकाडापल्याड हिरीच्या खोदकामावर हायेत. बरी हाय. हात तेवढे फुटल्यात. तुमी कोन तिचे?"

"बाप."

केशरबाईनं एक शेळी बांधावरून हाकलली. "ती म्हनायची, बाप मोजनीत लई मोठा सायेब हाय."

रंभाजीने नकाशाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो टेकाड चढू लागला. चढताना एकच वाक्य घोळवत होता, "तुझ्या घरीच निघाल्तो पोरी, पन वाट चुकलो." जन्मात कधी बोललेलं नव्हतं, नीट वठायला हवं होतं.